बँक अडचणीत आल्यास ठेवीदार शेतकऱ्याने काय करावे?

खळ्यावरची रास मोंढ्यात गेली, आडत्याकडून पट्टी हाती आली आणि रक्कम बँकेच्या खात्यात जमा झाली, की वर्षाची मेहनत सुरक्षित झाली असे चाकूर तालुक्यातील शेतकरी समजतो. बहुतेक वेळा हा समज खराच ठरतो. परंतु एखाद्या सकाळी बँकेच्या दारावर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाची सूचना लागते, आणि बघता बघता गावोगावी बातमी पोहोचते की, बँक बुडाली. मग पासबुक हाती घेऊन माणसे धावत सुटतात. कोणी म्हणतो, सर्व पैसा गेला. कोणी म्हणतो, सरकार सगळे भरून देईल. ही दोन्ही विधाने सारखीच चुकीची आहेत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव असो, अथवा पुढच्या मृगासाठी राखलेला बियाणे-खतांचा पैसा असो, अशा वेळी नेमके काय घडते आणि आपला हक्क कोठवर पोहोचतो, हे प्रत्येक ठेवीदाराने आधीच जाणून घेणे हितावह होय. त्या दृष्टीने या लेखात काही उपयुक्त माहिती देण्याचे योजिले आहे.

पूर्वीची स्थिती

आपल्या मराठवाड्यात पैसा बँकेत ठेवण्याची रीत फार जुनी नाही. निजामी अमलात हाली शिक्क्याचे रुपये गाडग्यात घालून जमिनीत पुरून ठेवणारी घरे गावोगाव होती, आणि अडीअडचणीला सावकाराची पायरी चढावी लागे. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले होते की, शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारे कर्ज शेकडा तीनच्या जवळपासच होते. त्यानंतरच्या काळात सहकारी सोसायट्या, जिल्हा मध्यवर्ती बँका, राष्ट्रीयीकृत बँका व ग्रामीण बँका खेड्यापर्यंत पोहोचल्या आणि गाडग्यातला पैसा खात्यात आला. हे मोठेच स्थित्यंतर होय. पैसा खात्यात असला म्हणजे चोरापासून व उंदीर-वाळवीपासून तो सुरक्षित राहतो, त्यावर व्याज मिळते, आणि त्याच पैशातून दुसऱ्या शेतकऱ्याला कर्ज मिळते. म्हणून बँकेवरचा विश्वास टिकणे ही एकट्या ठेवीदाराची नव्हे, तर सर्व गावाची गरज आहे.

हा विश्वास डोळस असावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

अकोल्याच्या लक्ष्मी बँकेचा धडा

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्याच वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये केरळातील पलई सेंट्रल बँकेचे व्यवहार थांबले. त्या काळी बँक बुडाली म्हणजे ठेवीदाराला कोणताही आधार नसे. बँकेची मालमत्ता विकली जाईल, कर्जे वसूल होतील, आणि त्यातून जे उरेल त्यातील वाटा केव्हा तरी हाती येईल, एवढीच आशा. ठेव विम्याची कल्पना त्यापूर्वीच, १९४८ च्या सुमारास बंगालमधील बँकांवर संकट आले तेव्हा, मांडली गेली होती. अमेरिकेत तर तसा कायदा १९३३ सालीच झाला होता. परंतु आपल्याकडे निर्णय झाला तो या दोन बँकांच्या पतनानंतर. १९६१ साली संसदेने ठेव विमा महामंडळाचा कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९६२ पासून त्याचे काम सुरू झाले.

प्रारंभी या विम्याची मर्यादा दर ठेवीदारास केवळ १,५०० रुपये होती. ती १९६८ साली ५,०००, १९७० साली १०,०००, १९७६ साली २०,०००, १९८० साली ३०,००० आणि १९९३ साली १ लाख रुपये झाली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये करण्यात आली. आरंभी सहकारी बँका या योजनेबाहेर होत्या; १९६८ च्या दुरुस्तीने त्यांना आत घेण्याची वाट मोकळी झाली. १९७८ साली पतहमी महामंडळाशी एकत्रीकरण होऊन आजचे ‘ठेव विमा व पतहमी महामंडळ’ अस्तित्वात आले. ते रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीचे असून त्याचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे.

बँक बुडते म्हणजे काय होते?

बँक आपल्या ठेवीचा पैसा तिजोरीत तसाच ठेवीत नाही. त्यातील मोठा भाग ती कर्जाऊ देते, काही भाग सरकारी रोख्यांत गुंतविते आणि रोजच्या देण्याघेण्यासाठी थोडी रोकड जवळ बाळगते. कर्जे वेळेवर परत येत राहिली, तोवर हे चक्र सुरळीत फिरते. शहाणा शेतकरी सर्व जमिनीत एकच पीक घेत नाही. सोयाबीनला पाऊस लागला तर तूर हात देते, तूर गेली तर हरभऱ्याची आशा राहते. बँकेनेही आपली कर्जे अशीच पुष्कळांना, निरनिराळ्या धंद्यांना वाटून द्यावयाची असतात. ज्या बँकेने एकाच बड्या कर्जदाराच्या पदरात सर्व माप ओतले, किंवा ज्या बँकेच्या संचालकांनी आप्तेष्टांस तारणाविना कर्जे वाटली, ती बँक एका दुष्काळातच कोरडी पडते.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे उदाहरण ताजे आहे. या बँकेने आपल्या कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिला होता, आणि ते झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविली होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारास प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २५ जानेवारी २०२२ रोजी ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना मात्र उर्वरित रक्कम अनेक वर्षांच्या हप्त्यांनी घेण्याचे मान्य करावे लागले.

अशा घटना मुंबई-पुण्यापुरत्याच आहेत असे समजू नये. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथील वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला. हिंगोली जिल्ह्यातील वसमतनगरच्या जयप्रकाश नारायण नागरी सहकारी बँकेचा परवाना फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाला. या दोन्ही प्रसंगी एक समाधानाची गोष्ट दिसून आली. शेकडा ९९ हून अधिक ठेवीदारांच्या ठेवी विम्याच्या मर्यादेत बसत असल्याने त्यांना पूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क होता. लहान ठेवीदाराने घाबरून जाऊ नये, ते याचसाठी.

तीन निरनिराळ्या गोष्टी

गावात ‘बँक बुडाली’ हा एकच शब्द तीन वेगळ्या प्रसंगांना लावला जातो. त्यांतील भेद ध्यानी घ्यावा.

पहिली गोष्ट विलीनीकरणाची. एक बँक दुसऱ्या बँकेत मिळते, पाटी बदलते, पासबुक बदलते, परंतु ठेव तशीच राहते. १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नावाने मराठवाड्यातील घराघरांत परिचित झाली. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा कोणाचा एक पैसाही बुडाला नाही. अशा वेळी नवा खाते क्रमांक व शाखेचा नवा संकेतांक तेवढा नोंदवून घ्यावा.

दुसरी गोष्ट निर्बंधांची. बँकेची प्रकृती बिघडली असे दिसून आल्यास रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३५-अ अन्वये आदेश काढते. त्यानंतर त्या बँकेस पूर्वपरवानगीवाचून नवी कर्जे देता येत नाहीत, नव्या ठेवी घेता येत नाहीत, आणि ठेवीदारास ठरावीक रकमेपलीकडे पैसे काढता येत नाहीत. ही मर्यादा प्रत्येक बँकेसाठी तिच्याजवळील रोकड पाहून ठरते. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले, तेव्हा प्रथम काहीच काढता येत नव्हते. २७ फेब्रुवारीपासून २५,००० रुपयांपर्यंत मुभा मिळाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. यावरून दिसून येईल की, निर्बंध म्हणजे बँकेचा मृत्यू नव्हे. ती आजारी जनावरास वेगळे बांधून उपचार करण्यासारखी गोष्ट आहे. काही बँका यातून बऱ्या होतात, काही दुसऱ्या बँकेत जातात, आणि काही मात्र उठत नाहीत.

तिसरी गोष्ट परवाना रद्द होण्याची. या टप्प्यावर बँकेचे कामकाज कायमचे थांबते, सहकार खात्याकडून अवसायक नेमला जातो, आणि मालमत्ता विकून देणी भागविण्यास आरंभ होतो.

विमा किती आणि कशाचा?

ठेव विम्याचा हप्ता बँक भरते. तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. ठेवीदाराने वेगळा अर्ज करण्याचीही गरज नसते. बचत खाते, चालू खाते, मुदत ठेव व आवर्त ठेव या सर्वांस विम्याचे संरक्षण असते. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, लघु वित्त बँका, तसेच नागरी, जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँका या योजनेत येतात.

पाच लाखांच्या मर्यादेत मुद्दल आणि परवाना रद्द होण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज ही दोन्ही मोजली जातात. समजा, एका शेतकऱ्याची मुदत ठेव ४,८०,००० रुपयांची असून त्यावर ३५,००० रुपये व्याज चढले आहे. एकूण ५,१५,००० रुपये होतात. त्यांपैकी ५,००,००० रुपये विम्यातून मिळतील आणि उरलेल्या १५,००० रुपयांसाठी अवसायकाकडे दावा राहील. ही उरलेली रक्कम बँकेच्या कर्जवसुलीवर अवलंबून असते. तिला पुष्कळ वर्षे लागू शकतात आणि ती पूर्ण मिळेलच अशी खात्री नसते.

शाखा निराळी असली म्हणजे विमाही निराळा, हा समज चुकीचा आहे. एकाच बँकेच्या चाकूर शाखेत ३ लाख आणि लातूर शाखेत ३ लाख एकाच नावाने असतील, तर ते ६ लाख धरले जातात व ५ लाखच मिळतात. तेच पैसे दोन वेगवेगळ्या बँकांत असते, तर सर्वच्या सर्व सुरक्षित राहिले असते.

नावांच्या बाबतीत मात्र कायदा अधिक उदार आहे. स्वतःच्या एकट्याच्या नावाचे खाते हा एक हक्क. पती-पत्नीचे संयुक्त खाते हा दुसरा हक्क. अज्ञान मुलाचा पालक म्हणून उघडलेले खाते हा तिसरा हक्क. प्रत्येकास स्वतंत्रपणे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. संयुक्त खात्यात नावांचा क्रम वेगळा असेल, म्हणजे एका खात्यात पतीचे नाव प्रथम व दुसऱ्यात पत्नीचे नाव प्रथम, तर तीही स्वतंत्र धरली जातात. परंतु दुकान किंवा आडत एकट्याच्याच मालकीची असेल, तर त्या दुकानाचे खाते व मालकाचे वैयक्तिक खाते एकत्रच मोजले जाते.

सहकारी बँकेचे भाग, म्हणजे शेअर्स, ही ठेव नव्हे. सभासद या नात्याने घेतलेल्या भागभांडवलास विमा नाही. पुष्कळ सभासदांस ही गोष्ट बँक बंद झाल्यावरच कळते.

कर्जदार ठेवीदाराची स्थिती

आपल्याकडे एकाच बँकेत पीककर्ज आणि ठेव ही दोन्ही असणारे शेतकरी अनेक आहेत. त्यांनी दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, बँक बुडाल्याने कर्ज बुडत नाही. अवसायक अथवा ज्या बँकेत विलीनीकरण होईल ती बँक कर्जाची वसुली करतेच, आणि व्याजही चढतच राहते. ‘बँकच राहिली नाही, मग भरायचे कोणाला?’ असे म्हणून हप्ते थांबविणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते, कारण त्याचे नाव थकबाकीदारांच्या यादीत गेल्यावर दुसरी बँकही त्यास दारात उभे करीत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, विम्याची रक्कम देण्यापूर्वी त्या बँकेचे आपल्याकडील येणे वजा केले जाते. ठेव ३,००,००० रुपये आणि कर्जाची बाकी १,२०,००० रुपये असेल, तर हाती १,८०,००० रुपये येतील. यात अन्याय काही नाही. परंतु हिशोब आपण स्वतः पडताळून पाहावा व भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपून ठेवावी. सोने तारण ठेवले असेल, तर कर्जफेड केल्यावर ते परत मिळण्याचा हक्क अबाधित राहतो. लॉकरमधील वस्तू ग्राहकाच्याच मालकीच्या असतात. त्या बँकेच्या मालमत्तेत मोडत नाहीत.

जिल्हा बँक अडचणीत आली, तर प्रश्न ठेवीपुरता राहत नाही. नागपूर, वर्धा व बुलढाणा येथील जिल्हा मध्यवर्ती बँका परवान्यासाठी आवश्यक असलेले भांडवल राखू शकल्या नाहीत, तेव्हा तेथील शेतकऱ्यांपुढे पेरणीच्या कर्जाचाच प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील अशा २३ जिल्हा बँकांसाठी साहाय्याची योजना मंजूर केली. त्यांत या तीन बँका होत्या. म्हणून ज्या शेतकऱ्याची बँक निर्बंधाखाली आली असेल, त्याने मृगाची वाट न पाहता उन्हाळ्यातच दुसऱ्या बँकेकडे पीककर्जाची चौकशी करावी. राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेत खाते उघडावे आणि आपला आधार क्रमांक त्या नव्या खात्याशी जोडून घ्यावा. असे केल्याने पंतप्रधान किसान सन्मान निधीचे हप्ते, पीक विम्याची भरपाई व अनुदाने अडकलेल्या खात्यात जाऊन पडणार नाहीत. या एका कामाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते.

नव्वद दिवसांचा नियम

पूर्वी विम्याचे पैसे परवाना रद्द झाल्यावरच मिळत. निर्बंध मात्र वर्षानुवर्षे चालू राहत. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. एवढा काळ म्हाताऱ्या ठेवीदाराने औषधपाणी कशावर करावे? हे दुःख लक्षात घेऊन २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०२१ पासून ती अमलात आली. तिच्या योगे बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तरी, परवाना रद्द होण्याची वाट न पाहता, ९० दिवसांत विम्याच्या मर्यादेपर्यंतची रक्कम देण्याची व्यवस्था झाली.

या ९० दिवसांची विभागणी अशी आहे. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी व त्यांचे दावे महामंडळाकडे पाठवावयाचे. पुढील ३० दिवसांत महामंडळ त्यांची तपासणी करते. शेवटच्या १५ दिवसांत पैसे दिले जातात. बँकेच्या विलीनीकरणाची योजना विचाराधीन असल्यास ही मुदत आणखी ९० दिवसांनी वाढू शकते. परवाना रद्द झालेल्या बँकेच्या बाबतीत अवसायकाने तीन महिन्यांत यादी द्यावयाची असते आणि ती पोहोचल्यापासून दोन महिन्यांत महामंडळ रक्कम देते.

यात ठेवीदाराचे कर्तव्य कोणते? त्याने बँकेत जाऊन संमतिपत्र भरून द्यावे लागते, आणि रक्कम जमा करण्यासाठी दुसऱ्या चालू बँकेतील स्वतःचे खाते कळवावे लागते. पहिल्या ४५ दिवसांत हे काम झाले नाही, तर त्याचे नाव मागे राहण्याचा संभव असतो. म्हणून सूचना लागल्याचे कळताच पुढील कागद एका पिशवीत एकत्र करावेत:

१. पासबुक (शेवटची नोंद करून घेतलेले) व मुदत ठेवीच्या मूळ पावत्या.
२. आधार कार्ड, पॅन कार्ड व त्यांच्या प्रती.
३. दुसऱ्या बँकेतील खात्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.
४. कर्ज असल्यास हप्ते भरल्याच्या पावत्या.
५. खातेदार मृत असल्यास मृत्यूचा दाखला व वारसासंबंधीचे कागद.

हे कागद देताना पोहोच घेण्यास विसरू नये. खातेदाराचे नाव आधार कार्डावर एक व पासबुकात दुसरे असेल, तर ते आजच दुरुस्त करून घ्यावे. गर्दीच्या दिवशी ते होत नाही.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वरील सर्व संरक्षण केवळ बँकेतील ठेवीस आहे. नागरी पतसंस्था व बहुराज्यीय पतसंस्था, ज्यांस लोक ‘मल्टिस्टेट’ म्हणतात, त्यांच्या ठेवींना या महामंडळाचा विमा नाही. या संस्थांचे कार्यालय बँकेसारखेच सजलेले असते, कर्मचारी गावातलेच असतात, आणि व्याज मात्र बँकेपेक्षा बरेच अधिक देऊ केलेले असते. मराठवाड्याने याचा कडू अनुभव नुकताच घेतला आहे. छत्रपती संभाजीनगरची आदर्श नागरी सहकारी पतसंस्था व बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट यांच्या ठेवीदारांची रक्कम अडकली, तेव्हा त्यांना पाच लाखांच्या विम्याचा आधार मिळाला नाही. निवृत्त शिक्षक, विधवा, ऊसतोडणीचा पैसा साठविणारी कुटुंबे, असे कितीजण त्यांत सापडले.

अशा ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा आहे. त्याखाली पोलिसांकडे तक्रार नोंदविता येते, आणि शासनाने नेमलेला सक्षम प्राधिकारी संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करून न्यायालयाच्या आज्ञेने तिचा विक्रय करू शकतो. ज्यांची रक्कम अडकली असेल त्यांनी आपली तक्रार पावत्यांसह अवश्य नोंदवावी. मोघम गर्दीत नाव राहिले म्हणजे दावा राहिला असे नव्हे. परंतु ही वाट लांबची आहे, आणि विम्यासारखी ठराविक मुदत तिला नाही.

सर्वच पतसंस्था वाईट आहेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. सचोटीने चालणाऱ्या अनेक संस्थांनी लहान माणसास सावकारापासून सोडविले आहे. परंतु वर्षाचा सर्व पैसा जेथे विमा नाही तेथे ठेवणे शहाणपणाचे नव्हे. ठेव ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ‘आपल्या संस्थेस रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे काय, आणि ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे काय?’ उत्तर लेखी मागावे. विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळ प्रसिद्ध करते. आपल्या मुलास ती मोबाईलवर पाहून देण्यास सांगावे.

संकटकाळी काय टाळावे?

बँकेवर निर्बंध आले की गावात काही हितचिंतक उगवतात. ‘तुमची दोन लाखांची पावती मला सव्वा लाखाला द्या, मी बघतो,’ असे म्हणणाऱ्यास पावती देऊ नये. विम्याच्या मर्यादेतील पैसे पूर्ण मिळावयाचे असताना असा तोटा सोसण्याचे कारण नाही. ‘महामंडळातून बोलतो, ओटीपी सांगा म्हणजे पैसे जमा होतील,’ असा दूरध्वनी आल्यास तो ठगाचाच समजावा. दावा मंजूर करून देतो म्हणून कोणी दलाली मागितली, तर एक पैसाही देऊ नये. हे काम विनामूल्य आहे. कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा तर कधीच करू नये.

त्याचप्रमाणे चांगल्या बँकेविषयी खोटी आवई उठवू नये. एकाच दिवशी सर्व ठेवीदार दारात उभे राहिले, तर धडधाकट बँकही अडखळते. बातमी खरी की खोटी, हे रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत आदेशावरून पाहावे. पारावरच्या गप्पांवरून ठरवू नये.

आधीची तयारी

‘बैल गेला आणि झोपा केला’ अशी आपली म्हण आहे. ठेवीच्या बाबतीत झोपा आधीच बांधावा. पाच लाखांहून अधिक रक्कम असल्यास ती दोन-तीन बँकांत विभागावी. पेरणीसाठी व दवाखान्यासाठी लागणारी रक्कम एकाच खात्यात अडकवून ठेवू नये. पोस्टातील बचत योजनांचाही विचार करावा. खात्यास वारस नेमावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकखात्यास चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नेमण्याची सोय झाली आहे. सहकारी बँकेचे आपण सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेस चहापुरते न जाता अहवाल वाचावा. थकीत कर्जे किती, संचालक व त्यांच्या नातलगांकडे येणे किती, लेखापरीक्षकाने कोणता दर्जा दिला, हे तीन प्रश्न उभे राहून विचारावेत. सभासदांनी प्रश्न विचारण्याचे सोडले, की संस्थेस कीड लागते. आणि कोणतीही संस्था इतरांपेक्षा फारच अधिक व्याज देऊ लागली, तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे.

ही माहिती आपल्या घरातील स्त्रियांस व वृद्धांस अवश्य सांगावी. घरचा कर्ता अचानक गेला, तर पासबुक कोठे आहे आणि पावत्या किती, हे पुष्कळ घरांत कोणालाच ठाऊक नसते. आज संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर ट्रंकेतील कागद बाहेर काढावेत, कोणत्या बँकेत कोणाच्या नावे किती रक्कम आहे याची एका वहीत नोंद करावी, आणि ती वही घरातील दोघांस तरी दाखवून ठेवावी.